उजव्या हाताची शिकवणी

मुंबईतल्या अँटॉप हिलमध्ये कुणाच्या अंगावरून वारं गेलं, बांधकामावरून कुणी पडलं किंवा दुचाकी घसरून डोक्याला मार बसला, की टॅक्सी बहुतेक वेळा सायन हॉस्पिटलच्या दिशेने धावते. तिथे सीटी स्कॅन होतो. मेंदूत रक्ताची गुठळी असेल आणि वेळ हातात असेल तर ती विरघळवण्याचं औषध दिलं जातं, रक्तस्राव असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय होतो. काही दिवसांनी घरचे आपलं माणूस परत घेऊन येतात. जीव वाचलेला असतो, पण शर्टाचं बटण लागत नाही, तांब्या धरवत नाही, घास तोंडापर्यंत जात नाही.

व्यवसायोपचारतज्ज्ञाचं खरं काम इथून पुढे असतं. हॉस्पिटलात त्यांना इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘ओटीवाले’ किंवा ‘ओटी मॅडम’ म्हणतात. फिजिओथेरपिस्टचा भर ताकद, तोल आणि चालणं यांवर असतो, तर ओटी मॅडमचा भर रोजच्या कामांवर: आंघोळ, जेवण, कपडे, स्वयंपाक, नोकरी. दोघांच्या कामाच्या सीमा एकमेकींत मिसळतात, पण ओटी मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करत होता, आणि त्यातलं आता काय अडतंय?

गेल्या चाळीसेक वर्षांत या प्रश्नाला उत्तर देणारे अनेक नवे उपचार जगभर निघाले. काहींनी खरोखर फरक पडला, काहींचा नुसता गाजावाजा झाला. त्यांतला कोणता घ्यायचा, कोणता दारातूनच परत पाठवायचा, आणि घेतलेला उपचार अँटॉप हिलच्या एका खोलीच्या घरात बसवायचा कसा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

परळमधली सुरुवात

व्यवसायोपचार स्वतःच एकेकाळी मुंबईत नवखा होता. अमेरिकेत त्याची संघटना १९१७ साली स्थापन झाली आणि पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे त्याला वेग आला. मुंबईत तो रुजवला कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. क्वेकर घरात वाढलेल्या एलिझाबेथ १९३० साली विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाची भारतातली पहिली शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचं नाव होतं. १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचं काम सुरू झालं. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा याच कमलाबाईंच्या नावाची.

एक परकी उपचारपद्धती इथे टिकली, कारण तिच्यासाठी इथे शाळा निघाली, इथलीच मुलंमुली तिच्यात तयार झाली आणि तिला रुग्णालयात कायमची जागा मिळाली. एखाद्या पाहुण्या तज्ज्ञाचं व्याख्यान किंवा देणगीतून आलेलं यंत्र एवढ्यावर ती उभी नव्हती. आजच्या नव्या उपचारांनाही हाच निकष लागू पडतो.

माकडाचा हात आणि माणसाची सवय

नव्या उपचारांपैकी सर्वांत कसून तपासला गेलेला उपचार म्हणजे चांगला हात अडवून लुळ्या हाताला कामाला लावण्याचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सीआयएमटी’ म्हणतात. त्याचं मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत आहे.

माकडाच्या एका हाताची संवेदना वाहून नेणाऱ्या नसा मणक्यापाशी कापल्या की माकड तो हात वापरणं सोडून देतं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मात्र शाबूत असतात. संवेदना नाही म्हणून हालचाल नाही, असा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लावला जात होता. टाऊब यांनी माकडाचा चांगला हात काही दिवस बांधून ठेवला, आणि ‘निकामी’ हात खाणं उचलू लागला. हात हलू शकत होता, माकडाने त्याचा नाद सोडला होता.

टाऊब यांचं स्पष्टीकरण साधं आहे. इजेनंतर सुरुवातीला हात खरंच हलत नाही. प्रत्येक प्रयत्न फसतो, वस्तू पडते, तोल जातो. दुसऱ्या हाताने तेच काम पटकन होतं. मेंदू यातून धडा घेतो. काही आठवड्यांनी सूज ओसरते, मेंदूचे काही भाग पुन्हा जागे होतात, हातात थोडी हालचाल परतते, पण तोवर न वापरण्याची सवय पक्की झालेली असते. म्हणजे अपंगत्वाचा एक हिस्सा इजेचा असतो आणि एक हिस्सा शिकलेला. जे शिकलं गेलंय ते मोडून नव्याने शिकवता येतं.

या संशोधनाला काळी बाजूही आहे. १९८१ मध्ये मेरिलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या टाऊब यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली. माकडांच्या हालअपेष्टांचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि अमेरिकेतल्या प्राणिहक्क चळवळीला त्यातून मोठं बळ मिळालं. आज जगभर वापरला जाणारा उपचार कुठून आला, हे सांगताना ही गोष्ट वगळता येत नाही.

माणसांवरचा सर्वांत मोठा पुरावा २००६ साली प्रसिद्ध झाला. ‘एक्साइट’ नावाच्या त्या चाचणीत पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. एका गटाने दोन आठवडे चांगल्या हातात जाड मोजा घातला. जागेपणीचा ९० टक्के वेळ तो हातातच राहावा, हे उद्दिष्ट होतं. त्याबरोबर आठवड्यातले पाच दिवस रोज सहा तासांपर्यंत लुळ्या हाताचा सराव. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. मोजावाल्या गटाचा हात जास्त सुधारला, आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती.

एक अट मात्र विसरून चालत नाही. या चाचणीत मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून वर उचलता येणारेच रुग्ण होते. ज्याचा हात पूर्ण लुळा आहे, त्याच्यावर मोजा चढवून फक्त वैताग पदरात पडतो.

मोजा अँटॉप हिलला येतो

आता हाच उपचार इथल्या घरात आणून पाहू. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, नंतर २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचं झालं. ज्यांना अजून इमारत मिळालेली नाही, त्यांच्याकडे खाली एक खोली आणि शिडीने चढायचा पोटमाळा. समजा, अशा घरातल्या पन्नाशीच्या टेम्पोचालकाची उजवी बाजू गेली आहे. रोज सहा तास सराव करून घ्यायला कोण मोकळं आहे? बायको धुण्याभांड्याच्या कामांना जाते, मुलगा नोकरीला. हॉस्पिटलच्या ओटी विभागात रांग असते आणि एकेका रुग्णाच्या वाट्याला थोडाच वेळ येतो.

यावर उत्तर निघालं ते सौम्य आवृत्तीतून. अमेरिकन संशोधक स्टीफन पेज यांनी आठवड्यातून तीनदा अर्ध्या-अर्ध्या तासाचा सराव, कामाच्या दिवशी रोज पाच तास मोजा, आणि हे सगळं दहा आठवडे, अशी मांडणी करून पाहिली. त्यांच्या छोट्या चाचण्यांतही हात सुधारला. ही मांडणी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळापत्रकात बसते. आठवड्यातून तीनदा सायनला जाणं जमण्यासारखं आहे. उरलेलं घरी.

घरी आल्यावर मात्र अशा अडचणी निघतात, ज्या अमेरिकेतल्या कुठल्याच शोधनिबंधात नाहीत. रुग्ण रोजच्या जगण्यात हात किती वापरतो, हे मोजायला या उपचारात एक प्रश्नावली असते. तिच्यात काट्याने किंवा चमच्याने जेवता का, असा प्रश्न आहे. आपल्याकडे काटा कुठला? आपण पाच बोटांनी कालवतो, अंगठ्याने घास पुढे ढकलतो आणि मनगट वळवून तो तोंडात घालतो. चमच्यापेक्षा हे कितीतरी गुंतागुंतीचं कौशल्य आहे. प्रश्नावली जशीच्या तशी वापरली तर चमच्याने जेवणारा रुग्ण ‘सुधारला’ म्हणून नोंदला जाईल आणि घरी मात्र ताटावर बसायला लाजेल.

दुसरी अडचण दोन हातांच्या वाटणीची. उजवा जेवायचा, डावा शौचाचा. उजवी बाजू गेलेल्या माणसाला डाव्याने जेवावं लागतं, आणि ते त्याला लकव्याइतकंच लागतं. ओटी मॅडम हुशार असेल तर हीच नड कामाला लावते. मोजा डाव्या हातात घालायची सर्वांत चांगली वेळ जेवणाची, कारण उजव्याने जेवण्याची ओढ रुग्णाला आधीच असते. सोप्याकडून अवघडाकडे जायचं. पहिल्यांदा पोळीची गुंडाळी मुठीत धरून, मग लाडू, मग थालीपीठाचा तुकडा, मग मऊ खिचडीचा घास, आणि सर्वांत शेवटी वरणभात. याउलट डावी बाजू गेलेल्या माणसाचा उजवा हात जेवताना अडवला, तर घरात कुणालाच ते पटणार नाही. तिथे जेवणाची वेळ सोडून द्यायची आणि शेंगा सोलणं, मेथी निवडणं, फडकं पिळताना एक टोक धरणं अशी कामं निवडायची.

तिसरी अडचण सुरक्षिततेची. मोरी ओली असते, पोटमाळ्याची शिडी उभी असते. हात झोळीत बांधला तर पडताना सावरता येत नाही. झोळीपेक्षा मोजा पसंत करण्याचं एक कारण हेच. आंघोळीला, संडासला आणि शिडी चढताना तोही काढायचा. हाताची संवेदना कमी असेल तर गॅसजवळची कामं सुरुवातीला नकोतच. चटका बसलेला कळतही नाही.

चौथी अडचण मायेची. “बाबा, राहू द्या, मी भरवते,” असं सून म्हणते तेव्हा तिच्या मनात काळजीच असते. पण भरवलेल्या प्रत्येक घासाबरोबर हात न वापरण्याची सवय घट्ट होत जाते. म्हणून या उपचारात एक लेखी करार असतो: कोणतं काम कुठल्या हाताने, मोजा किती वेळ, मदत कुठे करायची आणि कुठे थांबायचं. आपल्याकडे या करारावर रुग्णाबरोबर सुनेची, बायकोची, मुलाची सही हवी. ताटलीतला भात सांडला तरी चालेल, जेवायला पाऊण तास लागला तरी चालेल, हे घराने आधी मान्य केलेलं असावं.

नुसता हात नव्हे

डोक्याला मार लागलेल्या माणसाचं दुखणं पुष्कळदा हातात दिसतच नाही. हात चालतो, पाय चालतात, बोलणंही ठीक असतं. पण चहा करायला घेतला की आधण ठेवायच्या आधी दूध उतू जातं, बाजारात गेला की तीनपैकी एकच वस्तू घेऊन येतो, क्षुल्लक गोष्टीवरून भडकतो. घरचे म्हणतात, आळशी झालाय. खरं तर मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की काम ठरवणं, क्रमाने करणं आणि चूक ओळखणं अवघड होतं.

इथे कॅनडातल्या हेलेन पोलाताइको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली एक पद्धत उपयोगी पडते. मुळात ती हालचालींत अडखळणाऱ्या मुलांसाठी होती, नंतर मेंदूची इजा झालेल्या प्रौढांसाठीही वापरली जाऊ लागली. तिचे टप्पे चार: ध्येय, बेत, कृती, पडताळणी. ध्येय रुग्णाने ठरवायचं. बसने अँटॉप हिलहून दादरला एकट्याने जाऊन यायचं, असं त्याने म्हटलं तर थांबा कुठला, तिकिटाचे पैसे कुठल्या खिशात, उतरायचं कधी, हा बेतही त्यानेच मांडायचा. उपचारतज्ज्ञ उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारून त्याच्याकडून काढून घेते. बेत फसला तर कुठे फसला, हे त्यालाच शोधायला लावते. यासाठी एकही उपकरण विकत घ्यावं लागत नाही. लागतो तो उपचारतज्ज्ञाचा संयम आणि तिचं प्रशिक्षण.

नव्याची परीक्षा

नवं ते सगळं चांगलं असतं, तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. पण या क्षेत्राने अलीकडच्या काळात काही चांगल्याच ठेचा खाल्ल्या आहेत.

पक्षाघातानंतर रुग्णाला जितक्या लवकर आणि जितक्या वेळा उठवू तितकं बरं, असं वाटत होतं. २०१५ साली ‘अव्हर्ट’ चाचणीचे निष्कर्ष आले. पाच देशांतल्या २१०४ रुग्णांपैकी ज्यांना चोवीस तासांच्या आत उठवायला सुरुवात करून जास्त वेळा आणि जास्त वेळ हालवलं गेलं, त्यांची अवस्था तीन महिन्यांनी तुलनेने वाईट होती. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ५० टक्के रुग्ण बऱ्यापैकी स्वावलंबी झाले, घाई केलेल्यांपैकी ४६ टक्के. मोज्याच्या उपचाराबाबतही ‘व्हेक्टर्स’ या छोट्या चाचणीत असंच दिसलं. पहिल्याच काही दिवसांत जास्त मात्रेने सराव करून घेतलेल्यांचा हात तीन महिन्यांनी मागे होता. एकच उपचार तीन महिन्यांनी गुण देतो आणि दहाव्या दिवशी जड जातो.

मग यंत्रमानव आले. हात धरून शेकडो वेळा तीच हालचाल करवून घेणारं यंत्र थकत नाही, चिडत नाही. ब्रिटनमधल्या ‘रॅटल्स’ चाचणीत ७७० रुग्णांवर ते पारखलं गेलं. २०१९ मध्ये निकाल आला: नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या उपयोगात यंत्राने फरक पडला नाही. हालचालींची संख्या वाढली म्हणून बटण लावता येईलच असं नाही. बटण लावायचं तर बटणावरच सराव हवा.

आपल्याला सर्वांत जवळची चाचणी भारतातली. तज्ज्ञ कमी, कुटुंब मोठं. तेव्हा घरच्यांनाच शिकवून उपचार करवून घेतले तर? कल्पना इतकी पटण्यासारखी होती की तपासायची गरजच वाटू नये. ‘अटेंड’ चाचणीने ती तपासली. देशातल्या १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण तिच्यात होते. अर्ध्यांच्या घरच्यांना रुग्णालयात असतानाच सुमारे तीन दिवस रोज तासभर शिकवलं गेलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण सारखंच निघालं, ४७ टक्के. कुटुंबाला शिकवू नये, असा याचा अर्थ नव्हे. थोडंसं शिकवून तज्ज्ञाचं काम घरच्यांवर सोपवलं की भागतं, ही समजूत तेवढी खोटी ठरली. मोज्याचा करार घरात टिकवायचा असेल तर दर आठवड्याला तो तपासणारं माणूस हवंच.

याउलट, स्वस्तातला एक उपाय परीक्षेत बराच टिकला. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हात-पाय कापलेल्या रुग्णांच्या भासमान वेदनांसाठी आरसा वापरला. कापलेला किंवा लुळा हात आरशामागे आणि चांगला हात आरशासमोर ठेवला, की प्रतिमेमुळे दोन्ही हात हलताना दिसतात. १९९९ साली हाच उपाय पक्षाघाताच्या नऊ रुग्णांवर करून पाहिला गेला. २०१८ पर्यंत ६२ अभ्यास गोळा झाले होते, आणि एकत्रित निष्कर्ष हालचाल सुधारते असाच होता, निदान इतर उपचारांच्या जोडीने. ज्याचा हात मोज्यासाठी फारच लुळा आहे, त्यालाही हा उपाय करता येतो.

जुनं सोडणं हे नवं घेण्याहून अवघड. बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याची पद्धत १९४०च्या दशकात लंडनमध्ये आकाराला आली आणि पुढे जगभरच्या अभ्यासक्रमांत ठाण मांडून बसली. आधी ताठरपणा घालवा, हालचाल शुद्ध करा, मग काम, असा तिचा मूळ विचार. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर ती इतर पद्धतींपेक्षा सरस ठरत नाही, आणि प्रत्यक्ष कामाचा सराव बऱ्याचदा तिच्या पुढे जातो. पण ज्यांनी तिची प्रमाणपत्रं मिळवली, तिच्यावर हात बसवला आणि ज्यांच्या हाताखाली रुग्ण बरेही झाले, त्यांना ती बाजूला ठेवायला सांगणं सोपं नाही. बरे झालेले रुग्ण त्यांना नावानिशी आठवतात. तेच रुग्ण दुसऱ्या पद्धतीने जास्त बरे झाले असते का, हे डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त तुलनेतून कळतं, म्हणून चाचण्या लागतात.

घरच्यांनी विचारायचे प्रश्न

‘रोबोटिक’, ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’, ‘मेंदू उत्तेजन’ अशा जाहिराती आज दादर-परळपासून सगळीकडे दिसतात. त्यांतल्या काही गोष्टींना पुढे पुरावा मिळेलही. पण दागिने गहाण ठेवून तिथे जाण्याआधी कुटुंबाने चार गोष्टी विचाराव्यात. हा उपचार आमच्या माणसासारख्या रुग्णांवर तपासलाय का, म्हणजे हाताची स्थिती आणि इजेनंतरचा काळ जुळतो का? नेहमीच्या उपचारांपेक्षा तो सरस ठरला, की नुसता त्यांच्याइतकाच? यातून घरातलं कोणतं काम त्याला करता येईल? आणि सहा आठवड्यांनी काहीच फरक दिसला नाही तर तुम्ही काय बदलाल?

उपचारतज्ज्ञानेही हेच प्रश्न स्वतःला विचारायचे असतात. नवा उपचार एका वेळी सगळ्यांवर सुरू न करता आधी अटींत बसणारे मोजके रुग्ण निवडावेत, सुरुवातीला त्यांचा हात मोजावा, मग ठरावीक आठवड्यांनी पुन्हा मोजावा आणि आकडे विभागात सगळ्यांसमोर ठेवावेत. प्रश्नावलीत काट्याच्या जागी घास आला तर तो बदल लिहून ठेवावा, म्हणजे उद्या नागपूरच्या किंवा मिरजेच्या उपचारतज्ज्ञाला तो वापरता येईल. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांच्या परिषदेचा कायदा २००२चा आहे आणि देशपातळीवर २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा झाला. या कायद्यांनी उपचार कोणी करायचा हे ठरतं. उपचार कोणता करायचा हे विभागातल्या वहीतल्या नोंदींनी ठरायला हवं.

कमलाबाईंनी १९५० साली परळमध्ये परका उपचार इथला केला, तेव्हा ही पारखायची साधनं जवळजवळ नव्हतीच. आज ती आहेत. मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष कुणालाही वाचता येतात, आणि मोजा, आरसा, लिखित करार यांना लाखांचा खर्च नाही. महाग आहे तो ओटी मॅडमचा वेळ. महापालिकेच्या रुग्णालयात नव्या यंत्रासाठी पैसे मंजूर होत असतील, तर तेवढ्याच पैशांत आणखी किती उपचारतज्ज्ञ नेमता येतील आणि त्यांच्यापैकी कुणाला आठवड्यातून एकदा अँटॉप हिलच्या घरांपर्यंत पाठवता येईल, हा हिशेब आधी मांडायला हवा.